किटवाली ट्रॅक कार: चासीला दहापैकी नऊ, मॅन्युअलला दहापैकी दोन

बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होतो, पण गाडी ट्रॅकवर नीट पळाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. किट, म्हणजे घरी जोडायची सुट्या भागांतली गाडी, घरी येऊन आठ दिवस झाले नाहीत तोवर "काय क्वालिटी आहे भावा" म्हणून पाच स्टार देणारे खूप बघितलेत, त्यांचा अजून एक बोल्टही आवळून झालेला नसतो. आम्हाला, म्हणजे मला आणि धाकट्या भावाला, गाडी बांधायला चौदा महिने लागले, वहीत लिहिलेले तास ३४० झाले, आणि ट्रॅकवर सहा वेळा जाऊन आलीये, तेव्हा आता चार शब्द बोलायला हरकत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाहीये. एक तर माणसं वाईट नाहीत, फोन उचलतात, आणि दुसरं म्हणजे माझं एक ब्रॅकेट अजून त्यांच्याकडून यायचं होतं, त्याचं पुढे सांगतोच.

गाडी म्हणजे सेव्हन टाइपची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९५७ साली ब्रिटनच्या लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने सेव्हन काढली, लोखंडी पाईपांचा पिंजरा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन सीट, छप्पर असून नसल्यासारखं. ब्रिटनमध्ये तेव्हा तयार गाडीवर परचेस टॅक्स होता, सुट्या भागांत घेतली की तो वाचायचा, म्हणून बरेच लोक ती किटमध्येच घ्यायचे. त्यातली गंमत अशी सांगतात की जोडायच्या सूचना बरोबर दिल्या तर टॅक्स लागणार, म्हणून मग गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना द्यायचे, तुम्ही त्या उलट्या वाचायच्या. १९७३ मध्ये सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले आणि ते आजही ती बनवतात, बाकी त्याच साच्याची किटं बनवणारे ढिगाने आहेत, आमचं त्यातलंच एक. आणि मॅन्युअल वाचून माझी खात्री झालीये की हे लोक अजून ती जुनी परंपरा पाळतायत, फक्त यांचं उलटं वाचूनही काही कळत नाही.

आमचं किट डोनरवालं आहे, म्हणजे चासी (गाडीचा सांगाडा), बॉडी, विशबोन (चाक धरणारे, वरखाली हलणारे हात), शॉक वगैरे कंपनी देते आणि इंजिन, गिअरबॉक्स, डिफ (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारी पेटी), हब, ब्रेक हे एका जुन्या माझदा एमएक्स-५ मधून काढायचं. आमची डोनर पहिल्या पिढीतली १.६, साधारण ११५ हॉर्सपॉवर. मूळ गाडीचं वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, आमची बांधून झाल्यावर पाणी-ऑइल भरून, पेट्रोल सोडून, ५४८ भरली. तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स, आणि ओढायला चारशे किलो कमी, या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप. ब्रोशरमध्ये ४९५ लिहिलंय बरं का, पण ते कोरडं वजन, आणि त्यात ट्रॅकला लागणारा ड्रायव्हरभोवतीचा सेफ्टी पिंजरा, फायर एक्स्टिंग्विशर, काही धरलेलं नाही. सगळेच असं लिहितात म्हणून याबद्दल मार्क कापत नाही.

डोनर बघायला जाल तेव्हा एक गोष्ट नक्की तपासा, अगदी सुरुवातीच्या १.६ मध्ये क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) पुढचं नाक आखूड असायचं आणि पुलीची चावी बसते तो खाचा घासून पुली डुगडुगायला लागायची. इंजिन चालू करून पुलीकडे एक मिनिट टक लावून बघायचं, हलताना दिसली तर दुसरी गाडी शोधायची. आमची सरळ निघाली.

तर खोकी आली चौदा. पहिला रविवार नुसता मोजण्यात गेला. चासी बघून मात्र खरंच दिल खुश झालं, वेल्डिंग एकसारखं, कुठे गॅप नाही, ट्रँगल जिथे पाहिजेत तिथे आहेत, आणि कर्णाची मापं टेपने घेतली तर डावी-उजवी एका मिलिमीटरच्या आत. हे फार महत्त्वाचं आहे कारण बाकी सगळं नंतर बदलता येतं, चासी वाकडी असेल तर कपाळाला हात. म्हणून नऊ मार्क. दहावा का नाही ते स्टिअरिंगच्या वेळी सांगतो.

नट-बोल्टची पिशवी हा दुसऱ्या टोकाचा प्रकार. एकच मोठी पिशवी, लेबल नाही, आणि त्यात मेट्रिक आणि यूएनएफ (इंची मापाचे) दोन्ही मिक्स. आता ५/१६ चा यूएनएफ बोल्ट म्हणजे ७.९४ मिलिमीटर आणि एम८ म्हणजे ८, डोळ्याने शप्पथ सांगतो फरक कळत नाही. नट हाताने एक आटा चढतो, मग अडकतो, माणसाला वाटतं नायलॉक (आत नायलॉनची रिंग असलेला, सहज न सुटणारा नट) आहे म्हणून घट्ट जातोय, पाना लावतो, आणि आटे गेले. आमचे असे दोन गेले. मग धाकट्याने घरातले सगळे रिकामे डबे गोळा केले आणि थ्रेड गेज घेऊन दोन रात्री नुसती निवडानिवड केली, तांदळातले खडे निवडतात तशी. कंपनीने हे काम अर्ध्या तासात केलं असतं.

मग पावडर कोटिंग, म्हणजे पावडर भाजून चढवलेला रंग. चासीवर कोटिंग सुंदर आहे, जाड आहे, चकाचक आहे, आणि नको तिथे पण आहे. विशबोनचे बुश (सांध्यातल्या बाह्या) ज्या नळीत बसतात त्या नळीच्या आत, ब्रॅकेटच्या आतल्या गालांवर, आणि टॅप केलेल्या भोकांच्या आट्यांत. पहिलाच विशबोन बसेना तेव्हा धाकटा हातोडी घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, दोन ठोक्यात बसवतो." मी ओरडलो म्हणून वाचलं, कारण ठोकून बसवलं असतं तर बुश तिरका होऊन विशबोन जाम झाला असता, आणि सस्पेन्शनमध्ये जाम म्हणजे गाडी कधीच सेट होत नाही. विशबोन स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे, शॉक न लावता, ही माझी टेस्ट. अर्धगोल कानस, पॉलिश पेपर, ड्रिलला लावायचं फ्लॅप व्हील, आणि प्रत्येक भोकातून टॅप फिरवून घेणे, या एका कामाला वहीत २६ तास लिहिलेत. मॅन्युअलमध्ये यावर एक ओळ आहे, "सस्पेन्शन बसवा."

त्याच कोटिंगने वायरिंगमध्येही आमची मजा घेतली. इंजिन गाडीत उतरवलं (गाडीचं नाक काढून, चेनपुलीला तिरकं टांगून, गिअरबॉक्सची शेपटी आधी खाली, चासीच्या पाईपांना जुन्या चादरी गुंडाळून, हे काम वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं), वायरिंग लावलं, आणि पहिल्यांदा स्टार्टर मारला तर घरघर करून थांबला. परत मारला, परत तेच. तिसऱ्यांदा मारताना धाकटा म्हणतो, "दादा, वास येतोय." बघतो तर ॲक्सिलरेटरची केबल गरम! हात लावला तर चटका बसला. इंजिनची अर्थिंगची पट्टी आम्ही पावडर कोटिंगवरच आवळली होती, त्यातून करंट जात नाही, मग स्टार्टरचा सगळा करंट परत जायला वाट शोधत होता आणि त्याला सापडली केबल. जागा खरवडून पांढरं लोखंड काढलं, दातेरी वॉशर टाकला, वरून ग्रीस लावलं, एका झटक्यात सुरू. आता ज्याला त्याला हेच सांगतो, कोटिंगवाल्या चासीत अर्थ आधी बघा, बाकी नंतर.

आता तो कापलेला एक मार्क. चाक वरखाली होताना ते स्वतःहून डावी-उजवीकडे वळतं त्याला बंप स्टिअर म्हणतात, टायरॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) आणि विशबोन यांचे कंस जुळले नाहीत की होतं, आणि ते स्टिअरिंग रॅकच्या उंचीवर फार अवलंबून असतं. आमच्यात स्प्रिंग काढून, चाकाच्या जागी सपाट फळी बोल्ट करून, जॅकने दहा-दहा मिलिमीटर वर घेत मोजलं तर टोकाला टो (चाक समोरून किती आत-बाहेर वळलंय ते) इतका बदलत होता की धाकट्याला वाटलं मी मोजायला चुकतोय. परत मोजलं. परत तेच. रॅकची ब्रॅकेटं सहा मिलिमीटर वर वेल्ड झालेली. कंपनीला फोन केला तर समोरचा म्हणतो, "सगळ्यांचं असंच असतं, चालवताना जाणवत नाही." अहो सगळ्यांचं असंच असतं हे उत्तर आहे का कबुली आहे? ब्रॅकेट भोक लांबवून खाली घेतलं, खालून पॅकिंग काढलं, टायरॉडच्या टोकाला स्पेसर टाकून बारीक जुळवलं, आता मधल्या पन्नास मिलिमीटरमध्ये टो जवळपास हलतच नाही. हे न करता ट्रॅकवर गेलो असतो तर ब्रेक मारताना नाक खाली गेल्यावर गाडी आपल्या मनाने फिरली असती, आणि मी दोष टायरला दिला असता.

पहिला ट्रॅक डे. एकच गोष्ट सांगतो. प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने आवळल्यावर आम्ही नटावरून ब्रॅकेटवर पिवळ्या पेंट मार्करने एक रेष ओढली होती. पहिल्या दहा मिनिटांच्या सेशननंतर गाडीखाली टॉर्च मारला तर मागच्या डाव्या खालच्या विशबोनची रेष तुटलेली, नट जवळजवळ पाव फेरा सुटलेला. बाकीच्या सगळ्या रेषा सरळ. तो नट आम्ही डोनरचा जुना परत वापरला होता, त्यातलं नायलॉन कधीच मेलेलं. रेष नसती तर दुसऱ्या सेशनला काय झालं असतं याचा विचार मी मुद्दाम करत नाही. तेव्हापासून नायलॉक एकदाच वापरायचा, काढला की कचऱ्यात, आणि एग्झॉस्टजवळ तर नायलॉक लावायचाच नाही कारण उष्णतेने नायलॉन वितळतं, तिथे पूर्ण धातूचा लॉकनट.

टायर प्रेशरचं पण तिथेच कळलं. आम्ही डोनरच्या सवयीने २६ पीएसआय भरलं होतं आणि गाडी कॉर्नरमध्ये बेडकासारखी उड्या मारत होती, टायर फक्त मधोमध घासलेला. इतक्या हलक्या गाडीला टायर कडक दगडासारखा वाटतो. थंड असताना १८ वर आणलं, सेशननंतर गरम २१-२२ येतं, आणि गाडी एकदम दुसरीच झाली. फुकटात. एका पंपाने.

आता मुख्य विषय, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या ट्रॅक डेला पुढचं उजवं चाक ब्रेकमध्ये सारखं लॉक व्हायचं. फक्त उजवं. टायरवर हाताएवढा सपाट चट्टा पडला, मग सरळ रस्त्यावर टपटपटप आवाज, स्टिअरिंगला हादरे. उंटावरून शेळ्या हाकणारे भरपूर भेटले. एक म्हणे पॅड बदल, एक म्हणे मास्टर सिलिंडर, एक म्हणे हलक्या गाडीला असं होणारच. मी ऐकलं, आणि महागडे रेसिंग पॅड आणले, कडक कंपाउंडवाले. ते तर अजूनच वाईट, कारण ते पॅड जड गाड्यांसाठी असतात, आमच्या गाडीत गरमच होईनात, पहिल्या दोन लॅपला पॅडल लाकडासारखं आणि मग अचानक चावायचे. हिशोब केला असता तर आधीच कळलं असतं, १६० च्या स्पीडला आमची गाडी ड्रायव्हरसकट साधारण ६२५ किलोज्यूल एनर्जी घेऊन असते, मूळ एमएक्स-५ हजाराच्या वर. म्हणजे डोनरच्याच २३५ मिलिमीटरच्या डिस्क आम्हाला उरून पुरतात, पॅड उलट मऊ पाहिजेत. ब्रेक ऑइल मात्र चांगलं टाका आणि दर सीझनला बदला, डॉट ४ या दर्जाचा नियम कोऱ्या ऑइलला किमान २३० डिग्री उकळबिंदू मागतो पण पाणी शोषलं की तोच १५५ वर येतो, आणि ऑइल उकळलं की पॅडल थेट जमिनीला.

शेवटी चार चाकांखाली ठेवायचे डिजिटल वजनकाटे भाड्याने आणले. हे काम आम्ही आधी केलंच नव्हतं, मॅन्युअलमध्ये त्याचा उल्लेखच नाही. जमीन लेव्हल करायलाच तास गेला, फरशीवर काट्यांखाली पत्र्याचे तुकडे घालून. मी हेल्मेट, सूट घालून सीटवर, टाकीत नेहमीइतकं पेट्रोल, अँटी रोल बारची (डावी-उजवी चाकं जोडणाऱ्या, झुकणं कमी करणाऱ्या दांड्याची) लिंक एका बाजूने सोडलेली, हात मांडीवर, हलायचं नाही. धाकटा वाचतोय. पुढे डावं १५२. पुढे उजवं १४१. मागे डावं १५८. मागे उजवं १८३. एकूण ६३४. मी म्हटलं परत वाच, तर तो म्हणतो, "दादा, मशीन आहे ते, माझं मत नाहीये."

आता बघा. मी बसतो उजवीकडे, म्हणजे उजवी बाजू थोडी जड असणार हे ठीक, पण पुढचं उजवं सगळ्यात हलकं आणि मागचं उजवं सगळ्यात जड, हे कसं? कर्णात मोजायचं असतं, पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून २९९, म्हणजे ४७.२ टक्के, आणि दुसरा कर्ण ५२.८. गाडी तिरक्या स्टुलासारखी बसलेली, एक पाय कायम अधांतरी. हलक्या चाकावर ब्रेकचा जोर तेवढाच, मग लॉक तेच होणार ना! कारण सापडलं तेव्हा स्वतःचीच लाज वाटली, शॉक बसवताना स्प्रिंगखालच्या रिंगा मी नजरेने सारख्या केल्या होत्या, आटे मोजले नव्हते. मग पुढच्या उजव्याची आणि मागच्या डाव्याची रिंग थोडी वर, बाकी दोन तेवढ्याच खाली, म्हणजे गाडीची उंची बदलत नाही, प्रत्येक वेळी गाडी दाबून हलवून परत काटा बघायचा. चार तास लागले. शेवटी १४३, १५०, १६७, १७४, दोन्ही कर्ण ३१७-३१७. बाजूची आणि पुढच्या-मागच्याची बेरीज आधी होती तेवढीच राहते हे नीट बघा, ते फक्त सामान हलवून किंवा सीट सरकवून बदलतं, स्प्रिंगने बदलतो तो फक्त कर्ण.

पुढच्या ट्रॅक डेला जुनेच साधे पॅड, आणि उजवं चाक एकदाही लॉक नाही. लॅप टाइम दोन सेकंदांनी खाली. पॅडचे पैसे गेले ते गेले.

म्हणून जे कोणी मला विचारतात की इंजिनात काय केलंस, त्यांना माझं उत्तर, जवळजवळ काही नाही. दोनच कामं, दोन्ही इंजिन जगवण्यासाठी. एक, सम्पमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) ऑइल एका बाजूला पळू नये म्हणून बॅफल प्लेट, लांब कॉर्नरमध्ये ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकला तेव्हा पोटात गोळा आला होता. दुसरं, कूलंट रीरूट. हे इंजिन मुळात आडव्या इंजिनाच्या गाड्यांसाठी बनलेलं, उभं बसवताना पाणी पुढून आत जाऊन पुढूनच बाहेर असं झालं, त्यामुळे मागचा चार नंबरचा सिलिंडर तापतो. रस्त्यावर चालतं, ट्रॅकवर वीस मिनिटं दाबून चालवल्यावर नको. थर्मोस्टॅट मागे नेला, हेडच्या मागून पाणी काढून रेडिएटरला दिलं. हवा काढण्यासाठी सगळ्यात उंच जागी एक नळ ठेवा, नाहीतर रेडिएटर खाली आणि होस वर अशा गाडीत हवा अडकून तापमानाचा काटा कुठेही नाचतो.

बाइकचं इंजिन का नाही टाकलं, हा पण प्रश्न येतो, हायाबुसाचं टाकलं असतं तर वगैरे. मान्य, हलकं असतं, दहा हजाराच्या वर फिरतं, गिअर सिक्वेन्शियल, आवाज ऐकून अंगावर काटा येतो. पण बाइक कॉर्नरला झुकते आणि गाडी झुकत नाही, म्हणून ऑइलचा प्रश्न तिथे अजून मोठा, क्लचवर बाइकच्या दुप्पट-अडीचपट वजन, आणि रिव्हर्स नाही. ट्रॅकवर स्पिन होऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिलात तर उतरून ढकला. पहिलंच किट असेल तर माझ्या मते कारचं इंजिन, मग पुढचं पुढे बघू. आणि खरं सांगू का, जास्त पॉवरचा सरळ रस्त्यावर फायदाही तितका होत नाही, या आकाराची गाडी म्हणजे हवेला उघडं कपाट, १६० नंतर हवाच पुढे जाऊ देत नाही. मोठ्या गाड्या सरळ रस्त्यावर आपल्याला मागे टाकतात आणि ब्रेकिंगला आपण त्यांच्या सीटवर जाऊन बसतो, त्यातच गंमत आहे.

कमी पडतंय ते डिफमध्ये. डोनरला साधा ओपन डिफ होता, त्यामुळे छोट्या कॉर्नरमधून बाहेर पडताना आतलं चाक नुसतं गरगरतं. १९९४ पासूनच्या १.८ गाड्यांत मोठा डिफ आला आणि त्यात टॉर्सनही (आतल्या चाकाचं गरगरणं आवरणारा डिफ) मिळायचा, तो शोधतोय.

सेफ्टीबद्दल कंपनीला शिव्या नाही पण एक सुनावणं आहे. किटबरोबर येणारा रोल बार (डोक्यामागची लोखंडी कमान) रस्त्यावर फिरायला ठीक, रेसिंगला नाही. हेल्मेट घालून बसा, रोल बारच्या माथ्यापासून पुढच्या डॅशच्या वरच्या पाईपापर्यंत एक सरळ काठी धरा, डोकं त्या रेषेच्या खाली राहिलं पाहिजे. माझं राहत नव्हतं. आम्ही वेगळा पिंजरा करून घेतला, एफआयएच्या (मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या) मापाप्रमाणे मेन हूपला, म्हणजे मुख्य कमानीला, ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ मिलिमीटरचा, सांधा नसलेला, कोल्ड ड्रॉन कार्बन स्टीलचा पाईप लागतो, मागे दोन तिरके आधार, आणि बेल्ट सहा पॉइंटचा, मान सांभाळणाऱ्या नेक डिव्हाइससकट. खांद्याचे पट्टे सीटमागून खाली उतरत असतील तर अपघातात ते पाठीच्या मणक्यावर दाब देतात, म्हणून त्यांचा आडवा पाईप खांद्याच्या उंचीला घ्या. हे सगळं मिळून जवळपास तीस किलो वाढलं. ते तीस किलो मला अजिबात जड वाटत नाहीत. आणि हो, एग्झॉस्ट उघडा बाजूने जातो, उतरताना पोटरी टेकली की डाग कायमचा. माझ्या डाव्या पायावर आहे, धाकट्याच्या पण.

आवाजाचं विसरत होतो. बऱ्याच ट्रॅकवर डेसिबलची मर्यादा असते आणि किटचा सायलेन्सर नवा असताना पास होतो, चार ट्रॅक डेनंतर आतलं पॅकिंग जळून जातं आणि मग गेटवरूनच परत पाठवतात. आम्हाला एकदा पाठवलं. पॅकिंगचं एक जास्तीचं पाकीट ठेवा, एंड कॅप रिव्हेटवर असेल तर एका संध्याकाळचं काम आहे.

घ्यावं का? चासी आणि विशबोन यांच्यासाठी हो, डोळे झाकून. पण सोबत जेवढे पैसे किटला घालाल त्यातले बरेच अजून बाजूला ठेवा, पिंजरा, बेल्ट, टायर आणि काट्यांच्या भाड्यासाठी, इंजिनासाठी नाही. ज्याला कानस हातात धरायचा कंटाळा आहे आणि पुढच्या सीझनला ग्रिडवर उभं राहायचंय त्याने कोणाची तरी बांधलेली, चालवलेली गाडी घ्यावी, आणि घेताना बांधणाऱ्याची वही मागावी. वही नसेल तर गाडी पण नको. मॅन्युअलमधल्या "अंदाजे १०० तास" या ओळीवर मी पेन्सिलने जे लिहिलंय ते इथे लिहू शकत नाही. एकूण पाचपैकी साडेतीन.

राहता राहिलं ते ब्रॅकेट. मागच्या मडगार्डची दोन ब्रॅकेटं असतात, डावं आणि उजवं, आमच्या खोक्यात दोन्ही डावी आली होती. अकरा महिने फोन, मेल, फोटो, आणि प्रत्येक वेळी "आज पाठवतो सर". तोवर उजवं मडगार्ड आम्ही घरी वाकवलेल्या पट्टीवर चालवलं, सहाही ट्रॅक डे. परवा एकदाचं पार्सल आलं, नीट गुंडाळलेलं, वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं उजवं. धाकट्याने उघडलं, हातात फिरवून बघितलं आणि काही न बोलता माझ्याकडे दिलं. आता आमच्याकडे तीन डावी आहेत.